टोपी काढली तर विनोद उरतो का?

नाशिकच्या एका कॉलेजच्या नाट्यमंडळाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. युवा महोत्सवासाठी ते दहा मिनिटांचं प्रहसन बसवताहेत. त्यात भद्रकालीतला एक मुस्लिम शिंपी आहे, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत असतो तसाच: जाळीची टोपी, डोळ्यांत सुरमा, तोंडी 'मेरेकु-तेरेकु', आणि स्वतःच्या मुलांची नावं मोजताना गोंधळणारा. तालमीत दोन तट पडलेत. काही म्हणतात हे व्यंग आहे, आपण सगळ्यांचीच टिंगल करतो. काही म्हणतात हा सरळसरळ पूर्वग्रह आहे. तर टीव्हीवरचं असलं काम नेमकं काय असतं, आणि आपला शिंपी ठेवायचा की काढायचा?

आधी शिंप्याचं सांगते, मग टीव्हीचं. तुम्ही वर्णन केलाय तो शिंपी व्यंग नव्हे. आणि लिहिणाऱ्याच्या मनात मुसलमानांविषयी काही ठासून भरलेलं असतं म्हणून तो तसा उतरतो, असंही नाही. मी पाहिलंय त्यात बहुतेक वेळा तो निव्वळ आळस असतो. पण आळशी विनोद पूर्वग्रहाची चाकरी फुकटात करतो. म्हणून 'आमच्या मनात तसं काही नव्हतं' या बचावाला मी फार किंमत देत नाही.

मी नाशिकला राहून टीव्हीच्या विनोदी कार्यक्रमांसाठी बरीच वर्षं स्किटं लिहिते आहे, त्यामुळे हा आळस कुठून येतो ते जवळून माहीत आहे. एक स्किट बारा-पंधरा मिनिटांचं. विषय पक्का झाल्यापासून रीडिंगपर्यंत हातात जेमतेम तीन-चार दिवस. मग चॅनलच्या क्रिएटिव्ह टीमनं सुचवलेले बदल, मग तालीम, मग शूट. पात्रानं एंट्री घेतली की अर्ध्या मिनिटात पहिला हशा यायला हवा, नाहीतर लोक चॅनल बदलतील ही सगळ्यांना धास्ती. अर्ध्या मिनिटात माणूस उभा करणं अवघड असतं, टोपी उभी करणं सोपं. कॉस्च्युम दादाच्या पेटीत जाळीची टोपी, चौकड्याची लुंगी आणि दाढी तयारच असते, मेकअप दादा न सांगता सुरमा घालतो. नट 'अरे मियाँ' म्हणत आत येतो, हशा येतो, लेखक सुटतो. त्या अर्ध्या मिनिटात लेखकानं खरं तर काहीच लिहिलेलं नसतं. ते प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच लिहिलेलं होतं, आपण फक्त ते त्याला दाखवून टाळी घेतली.

नव्या मुलांना मी तालमीत एक गोष्ट करायला लावते. टोपी काढा, बोली बदला, नाव रमेश करा आणि तोच प्रसंग पुन्हा करून बघा. काही हसू उरलं तर तिथं विनोद होता. काहीच उरलं नाही तर टोपी हाच विनोद होता. ही कसोटी आळशी स्किटांपैकी निम्मी तिथल्या तिथे निकालात काढते. पण ती पुरेशी नाही. समजा तुम्ही गंगापूर रोडवर भाड्यानं घर शोधणाऱ्या मुस्लिम तरुणावर प्रसंग लिहिलात. त्याचं नाव रमेश केलं तर तोही प्रसंग कोसळतो, कारण रमेशला घर मिळतं आणि गोष्ट संपते. मग तो प्रसंगही आळशी म्हणायचा का? नाही.

इथं दुसरा प्रश्न विचारावा लागतो. हसू यायला प्रेक्षकानं आधी काय खरं धरून चालावं लागतं? मुलांची नावं विसरणाऱ्या शिंप्यावर हसण्यासाठी 'यांना ढीगभर मुलं असतात' हे धरून चालावं लागतं. स्किट त्या समजुतीला कुठेही हात लावत नाही, उलट ती असल्याबद्दल प्रेक्षकाचे आभार मानतं. घर शोधणाऱ्याच्या प्रसंगात मात्र तीच समजूत सोसायटीच्या सेक्रेटरीच्या तोंडून बाहेर येते, सगळ्यांसमोर अडखळते, तोंडावर पडते. पहिल्यात समजूत हशा पिकवते, दुसऱ्यात समजुतीवर हशा पिकतो. मला व्यंग म्हणायचं असेल तर ते फक्त दुसऱ्याला म्हणेन.

कॅनडात सीबीसीवर जानेवारी २००७ मध्ये 'लिटल मॉस्क ऑन द प्रेअरी' नावाची मालिका सुरू झाली. सहा सीझन चालली. लिहिणारी झरका नवाझ, स्वतः मुस्लिम. पहिल्याच भागात वकिली सोडून इमाम व्हायला निघालेला एक तरुण विमानतळावर रांगेत उभा राहून फोनवर आईशी बोलतोय. वडिलांना हे करिअरची आत्महत्या वाटते, पण ही अल्लाची योजना आहे, असं काहीसं तो सांगतो. मागच्या बाईच्या कानावर दोनच शब्द पडतात आणि पुढच्या क्षणी पोलिस हजर. यात दाढीवाला, अल्ला, विमानतळ, संशय हे सगळं ठरीव सामान आहे. काहीही टाळलेलं नाही. फक्त हसू दाढीवर येत नाही, ऐकणाऱ्या कानावर येतं. साचा वापरूच नये असं मी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. साच्याला कामाला लावायचं की आपणच त्याच्या कामाला लागायचं, एवढाच प्रश्न असतो.

आता तुमच्यातला हुशार पोरगा म्हणेल, मग सेक्रेटरीचं पात्र घेऊ, त्याला पूर्वग्रहानं ओतप्रोत भरू, झालं व्यंग. इतकं सोपं नाही, आणि याचा पुरावा पन्नास वर्षांपूर्वीचा आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत सीबीएसवर नॉर्मन लिअर यांची 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली. तिचा नायक आर्ची बंकर, खुर्चीत बसून काळ्यांपासून ज्यूंपर्यंत सगळ्यांवर घसरणारा संकुचित माणूस. हेतू स्पष्ट होता की लोकांनी आर्चीच्या कोत्या मनावर हसावं. १९७४ मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रेक्षकांना विचारून पाहिलं. मालिका जवळपास सगळ्यांना विनोदी वाटत होती. पण ज्यांच्या मनात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीच आवडत होता, वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. तो बोलतोय ते खरं आहे, कुणीतरी बोललं पाहिजे होतं, अशी त्यांची भावना. म्हणजे एकच मालिका, एकच हशा, आणि घराघरांत दोन वेगळ्या गोष्टी पोचल्या.

लिहिणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट तांत्रिक आहे. सर्वांत चांगली वाक्यं कुणाला दिली आहेत? सर्वांत लाडका नट कुणाची भूमिका करतोय? आपल्याकडे सेक्रेटरीची भूमिका संघातल्या सर्वांत धमाल नटाकडे जाते, कारण ती मोठी असते. त्याला टायमिंग आहे, लोक त्याच्या एंट्रीलाच टाळ्या वाजवतात. आणि समोर घर मागायला आलेला मुस्लिम तरुण गरीब चेहऱ्यानं उभा असतो, 'जी' म्हणतो, शेवटी एक भावनिक वाक्य बोलतो. कागदावर व्यंग, मंचावर आर्ची बंकर. प्रेक्षक घरी जाताना सेक्रेटरीचे संवाद म्हणत जातो.

टीव्हीवर हे आणखी बिघडतं, कारण तिथं हशा कुठे यायचा हे प्रेक्षक ठरवत नाही. शूटिंगच्या वेळी आलेलं हसू, नंतर एडिटवर चढवलेलं हसू आणि परीक्षकांचा पोट धरून हसतानाचा कटअवे, म्हणजे मध्येच घातलेला शॉट, हे तिन्ही मिळून घरी बसलेल्याला सांगतात की इथं हस. टोपीवाला आत आल्यावर लगेच परीक्षकाचा हसरा चेहरा लावला की झालं, पुढचं स्किट कितीही शहाणं असलं तरी निशाणा ठरून गेला. लेखकाला याची खबर बहुधा प्रक्षेपण पाहतानाच मिळते. चॅनलचं एस अँड पी, म्हणजे काय दाखवलेलं चालेल ते तपासणारं खातं स्क्रिप्ट वाचतं खरं, पण ते शब्द बघतं. देवाचं नाव, शिवी, राजकीय पक्ष, ब्रँड. कटअवे कुठे लागणार हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं नसतं.

त्यात आता रील. आठ मिनिटं टिंगल आणि शेवटच्या दोन मिनिटांत 'खून तो सबका लाल है' असं भाषण, हा आपल्याकडचा आवडता तोडगा आहे. मला तो कधीच पटला नाही आणि आता तर तो निरुपयोगीच झालाय. व्हॉट्सअॅपवर फिरतो तो चाळीस सेकंदांचा तुकडा असतो, आणि भाषणाचा तुकडा कुणी काढत नाही. ज्या विनोदाला शेवटी माफी मागावी लागते तो मुळातच चुकीच्या जागी बसलेला असतो.

'सगळ्यांचीच टिंगल करतो, मग यांनाच सूट का?' या मुद्द्याकडे येते, कारण तुमच्या तालमीत तो नक्की निघाला असणार. टीव्हीवर भिक्षुकही असतो, मारवाडीही, सरदारजीही. तर्क बिनतोड वाटतो. पण विनोदाचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. मुस्लिमांना हिणवणारे विनोद वाचल्यावर, ज्यांच्या मनात मुस्लिमांविषयी आधीच अढी होती त्यांना मुस्लिमांविरुद्धच्या भेदभावाचा प्रसंग जास्त चालवून घ्यावासा वाटला. दहशतवाद्यांना हिणवणाऱ्या विनोदांचा तसा परिणाम दिसला नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं की दहशतवाद्यांविषयी काय वाटावं हे समाजाचं ठरलेलं आहे, तिथं विनोदानं नवी परवानगी मिळत नाही. ज्या गटाशी कसं वागावं याविषयी समाज अजून दोलायमान आहे, तिथं विनोद ती परवानगी देतो. अढी विनोद निर्माण करत नाही. असलेल्या अढीला 'चल, आज बोलून टाक' म्हणतो.

हे प्रयोगशाळेतलं झालं. मराठी माणसाला ते घरच्या अनुभवावरून कळायला हवं. हिंदी मालिका-सिनेमांत धुणंभांडी करणारी बाई वर्षानुवर्षं मराठीच का, नऊवारी नेसून 'अरे बाबा' म्हणणारी तीच का, म्हणून आपण किती चिडलो आहोत! हवालदार मराठी, मोलकरीण मराठी, मालक मात्र खन्ना नाहीतर मल्होत्रा. तो राग खोटा नव्हता. पण एक फरक आहे. आपल्याला परत यायला मराठी वाहिन्या आहेत, जिथं मराठी माणूस डॉक्टर असतो, खलनायक असतो, भांडखोर सासू असतो, प्रेमात पडलेला बावळट असतो. मोलकरणीची ती एक प्रतिमा शंभरांत एक होऊन जाते. मराठी टीव्हीवरच्या मुसलमानाला अशी परत यायला जागा कुठे आहे? एखाद्या मालिकेत जावयाच्या मित्राचं नाव इम्रान असतं, ईदच्या भागात तो शीरखुर्मा घेऊन येतो आणि पुन्हा वर्षभर गायब. मग स्किटमधला तो शिंपी शंभरांतला एक राहत नाही, तोच सगळा होतो. ज्या प्रेक्षकाच्या ओळखीचा एकही मुसलमान नाही त्याच्यासाठी तर नक्कीच.

तरीही कुणी कायद्यानं हे थांबवावं असं मला वाटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं २९५ अ, धार्मिक भावना दुखावण्याचा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतू मागतं. आळसाला हेतू नसतो. सरदारजींवरच्या विनोदांविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती, तेव्हा २०१७ मध्ये न्यायालयानं म्हटलं की लोकांनी कसं वागावं याची नैतिक नियमावली आम्ही घालून देऊ शकत नाही. बरोबरच आहे. शिवाय हा दंडुका कुणाच्या पाठीत आधी बसतो तेही आपण पाहिलंय. मुनव्वर फारूकी या स्टँडअप कलाकाराला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये हिंदू देवतांच्या अवमानाच्या आरोपाखाली अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत तो महिनाभर आत होता. 'सगळ्यांनी सगळ्यांची टिंगल करावी' म्हणणाऱ्यांनी ही मुभा प्रत्यक्षात किती समसमान वाटली गेलीय तेही बघावं.

मुस्लिम लेखकानं लिहिलं की प्रश्न सुटतो का? पुष्कळसा सुटतो, पुरता नाही. बीबीसी वनवर ऑगस्ट २०१२ मध्ये 'सिटिझन खान' सुरू झाली. बर्मिंगहॅमच्या स्पार्कहिलमधला स्वयंघोषित समाजपुढारी मिस्टर खान, करणारा आणि रचणारा आदिल रे, तोही मुस्लिम. पहिल्याच भागानंतर बीबीसीकडे दोनशेच्या आसपास तक्रारी आल्या. वडील येताना दिसताच मेकअप केलेली मुलगी घाईघाईनं हिजाब ओढून कुराण वाचत असल्याचं नाटक करते, हा प्रसंग अनेकांना खटकला. मला स्वतःला तो प्रसंग अगदी घरगुती वाटतो. बाबा आल्यावर मोबाईल लपवून पुस्तक उघडणारी मुलगी कोणत्या घरात नाही? मालिका २०१६ पर्यंत पाच सीझन चालली. ती मला सर्वत्र आवडते असं नाही, काही ठिकाणी मिस्टर खान जुन्याच वळणावर जातो. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी मी उचलली आणि तुम्हीही उचला. तिथं मुस्लिम एक नाही. कंजूष बाप आहे, वैतागलेली बायको आहे, दोन अगदी वेगळ्या मुली आहेत, आणि मशिदीचा व्यवस्थापक तर धर्मांतर केलेला डेव्ह नावाचा गोरा आहे. मिस्टर खान मूर्खपणा करतो तेव्हा तो मिस्टर खानचा मूर्खपणा राहतो, कारण शेजारी दुसरा मुसलमान कपाळाला हात लावून उभा असतो. मंचावर एकच मुसलमान असला की तो सगळ्यांचा प्रतिनिधी होतो. दोन ठेवले की दोघांनाही माणूस होता येतं.

याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि नाशिककर त्याकडे बघत नाहीत याचं मला नवल वाटतं. मालेगाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास मित्र जमवून 'मालेगाव के शोले' केला, पुढे यंत्रमागावर राबणाऱ्या एका हडकुळ्या तरुणाला घेऊन 'मालेगाव का सुपरमॅन'. फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या माहितीपटामुळे तो जगभर पोचला. त्या सिनेमांत विनोद कशावर आहे? हडकुळ्या अंगावर, गावातल्या घाणीवर, तंबाखूवर, मुंबईच्या सिनेमावर. बहुतेक नट मुस्लिम, आणि मुसलमान असणं हा तिथं विनोद नाही, कारण तिथं ती बातमीच नाही. त्याच पट्ट्यातल्या छोटू दादाचे खानदेशी व्हिडिओ तर तुमच्यातल्या प्रत्येकानं पाहिले असतील. तुम्ही त्यावर हसलात तेव्हा कुणाच्या धर्मावर हसलात का?

आणि मालेगावचं नाव निघालंच आहे तर बॉम्बच्या विनोदांबद्दल. 'बॅगेत काय आहे, चाचा?' छाप वाक्य स्किटात सहज पडतं. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावात बॉम्बस्फोट झाले, मेलेले बहुसंख्य मुस्लिम होते. त्या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयानं दोषमुक्त केलं ते २०१६ मध्ये. मधली कित्येक वर्षं तुरुंगात गेली. हे शहर तुमच्या कॉलेजपासून अडीच तासांवर आहे. ते वाक्य लिहायचं असेल तर हे माहीत असताना लिहा.

एक आक्षेप मला रास्त वाटतो: मग मुसलमानांतल्या ढोंगावर, पोथीनिष्ठेवर, बायकांवरच्या अन्यायावर हसायचंच नाही का? हसायचं की. हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ ला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, तोंडी तलाकाविरुद्ध. १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. त्यांची टीका कोणत्याही स्किटपेक्षा जहाल होती. पण ती कृत्यांवर होती, प्रथेवर होती, प्रथा लादणाऱ्यावर होती. लुबाडणाऱ्या मौलवीवर स्किट लिहा, भोंदू बाबावर लिहिता तसंच. फक्त हसू त्याच्या लुबाडण्यावर येऊ द्या. आणि त्याच्याविरुद्ध उभी राहणारी बाई त्याच मोहल्ल्यातली असू द्या, बाहेरून आलेला मराठी इन्स्पेक्टर नको.

याउलट टोकाला असतो तो 'चांगला मुसलमान'. देशभक्त हवालदार, नायकासाठी गोळी झेलणारा दोस्त, गणपतीच्या मांडवात आरती म्हणणारे चाचा. तोही साचाच, फक्त अत्तर लावलेला. त्याला चूक करता येत नाही, म्हणून विनोदही करता येत नाही. एखाद्याला सतत प्रमाणपत्र दाखवत मंचावर यायला लावणं हा मला टोपीवर हसण्याइतकाच अपमान वाटतो.

आपल्या परंपरेत याहून कितीतरी मोकळं काही होतं. एकनाथांचा 'हिंदु-तुर्क संवाद' काढून वाचा. सोळाव्या शतकातलं पैठण. हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दखनीत, आणि दोघं एकमेकांना असं सोलून काढतात की आजचं कुठलंच चॅनल ते दाखवायची हिंमत करणार नाही. देवाच्या अवतारांची थट्टा आहे, सोवळ्याची आहे, देव एकाच दिशेला आहे का या प्रश्नाची आहे. शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. अर्धंच कापून रील केलं तर दंगल होईल असा मजकूर आहे तो. मग तो आळशी का वाटत नाही? एक तर दोघांनाही बोलायला तोलामोलाची जागा आहे, एक बोलतो आणि दुसरा नुसता दिसतो असं नाही. दुसरं म्हणजे दोघांना एकमेकांचं नीट माहीत आहे. एवढं टोचून बोलायला समोरच्याचा धर्म, त्याचे ग्रंथ, त्याची रोजची वागणूक ठाऊक असावी लागते. आमच्या लेखनखोलीत मुसलमानांविषयी जमा असलेलं ज्ञान बिर्याणी, शीरखुर्मा आणि 'कुबूल है' इथं संपतं. तेवढ्या भांडवलावर टिंगलसुद्धा धड होत नाही.

बोलीचंही तेच. दखनी वळणाच्या हिंदीवर हसूच नये असं नाही. अहिराणीवर, मालवणीवर, वऱ्हाडीवर आपण प्रेमानं हसतोच. पण टीव्हीवरचा शिंपी एका वाक्यात लखनौचा 'जनाब', दुसऱ्यात हैदराबादचा 'हौ' आणि तिसऱ्यात मुंबईचा 'अपुन' असतो. असा माणूस कुठल्याच गल्लीत राहत नाही. चौक मंडईत किंवा दूधबाजारात जाऊन अर्धा तास नुसतं ऐका. तिथला माणूस गिऱ्हाईक बघून मराठीत, हिंदीत, परत मराठीत कसा जातो ते ऐकलंत की तुम्हाला खरा, उच्चारातला, लयीतला विनोद सापडेल. भाजीच्या भावावरून घासाघीस करताना तो जे मराठी बोलतो ते तुमच्या स्क्रिप्टपेक्षा चुरचुरीत असतं.

आता तुमचं प्रहसन. शिंपी ठेवा. सुरमा काढा, दिवसभर सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाला चष्मा द्या. मुलांची नावं विसरण्याचा तुकडा पूर्ण काढा, तो दुरुस्त होणार नाही. शिंप्याला काहीतरी हवं असू द्या. उधारी वसूल करायची असेल, रेडीमेड कपड्यांनी धंदा बसलाय म्हणून चिडचिड असेल. धंद्याचा माज असलेला शिंपी, गिऱ्हाइकाचं पोट टेपनं मोजून त्याला चार लोकांत खरं सांगणारा शिंपी, हा आपोआप विनोदी आहे आणि हसू त्याच्या हातात आहे. दुकानात त्याच्याबरोबर त्याचा पुतण्या ठेवा, आयटीआय करणारा, चाचाच्या प्रत्येक वाक्याला कंटाळलेला. मंचावर एकच मुसलमान असण्याची अडचण तिथंच संपली.

तुम्हाला थेट पूर्वग्रहावरच लिहायचं असेल तर घर भाड्यानं घेण्याचा प्रसंग घ्या. फोनवर सेक्रेटरी खूश आहे, सरकारी नोकरी, लहान कुटुंब, डिपॉझिट तयार. भेटीत नाव कळतं आणि सूर बदलतो. सरळ नाही म्हणता येत नाही म्हणून तो कारणं शोधतो. म्हणतो, आमच्याकडे पाण्याचा फार प्रॉब्लेम आहे हो. तरुण म्हणतो, काका, मी महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातच आहे, तुमची लाईन परवाच तपासली, प्रेशर उत्तम आहे. सेक्रेटरी म्हणतो, सोसायटीत मांसाहार चालत नाही. आतून बोंबील तळल्याचा वास येतो. तरुण म्हणतो, मला ॲसिडिटी आहे, डॉक्टरांनी वरण-भातावर ठेवलंय, तुमचं चालू द्या. प्रत्येक वेळी चांगलं वाक्य तरुणाला मिळालं पाहिजे. आणि तुमचा सर्वांत धमाल नट त्याच भूमिकेत हवा. सेक्रेटरीला जरा कमी लाडका नट द्या, तो रागावेल, रागावू द्या.

तुमच्या ग्रुपमध्ये मुस्लिम मित्र असेल तर त्याला रीडिंगला बसवा, पण 'तुला चालतंय ना?' असं सगळ्यांसमोर विचारू नका. बारा जणांपुढे एकटा माणूस 'चालतंय'च म्हणणार. त्यापेक्षा शिंप्याच्या तोंडची वाक्यं त्याला लिहू द्या, नको असेल तर भूमिका मुळीच करायला लावू नका.

दुसरा खर्डा झाला की पेन्सिल घेऊन बसा. ज्या वाक्यांवर पात्र हसवतं तिथं एक खूण, ज्या वाक्यांवर पात्राला हसलं जातं तिथं दुसरी. दुसऱ्या खुणा सगळ्या एकाच माणसाच्या नावावर जमल्या असतील तर पुन्हा लिहा. आणि रंगीत तालमीला मित्रमंडळी सोडून अनोळखी वीस-पंचवीस लोक बोलवा. सेक्रेटरीच्या कुठल्या वाक्यावर टाळी पडते ते लक्षात ठेवा. हशा ठीक आहे, टाळी पडली तर ते वाक्य त्याच रात्री कापा, लेखकाला ते कितीही प्रिय असलं तरी.